किडनीचा आजार आणि अंगातली खनिजं: गावाकडच्या घरासाठी सविस्तर मार्गदर्शन

आपल्याकडे किडनीच्या पेशंटला भेटायला माणसं आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "क्रिएटिनिन किती निंगालं?" आकडा कमी झाला तर सगळ्यांना हायसं वाटतं, वाढला तर घर गप्प होतं. त्याच रिपोर्टमध्ये खाली फॉस्फरस, कॅल्शियम आणि पोटॅशियमचेही आकडे असतात. ते कोणी विचारत नाही, आणि मला ते फार खटकतं. किडनी किती उरली आहे ते क्रिएटिनिनवरून कळतं खरं, पण ते खाली आणणं घरच्यांच्या हातात फारसं नसतं. हाडं टिकतील का, हृदयावर किती ताण येईल, अंगाची खाज थांबेल का, हे बऱ्याच अंशी या खालच्या आकड्यांवर ठरतं. आणि त्या आकड्यांवर आपल्या चुलीचा, किराणा दुकानाचा आणि गोळी घेण्याच्या वेळेचा थेट परिणाम होतो.

माझ्या काकू डायलिसिसवर आहेत. आमचं गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात आहे. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे ते दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या घरात उद्यापासून करता येईल असं आहे. गोळीचा डोस मात्र डॉक्टरच ठरवतील. तो या लेखावरून कोणी बदलू नये.

आधी बिघाड कुठून सुरू होतो ते

जेवणातून आलेला जादा फॉस्फरस निरोगी किडनी रोजच्या रोज लघवीवाटे बाहेर टाकते. 'ड' जीवनसत्त्वाला अंगी लागेल असं रूप देण्याचं कामही तीच करते. तिची ताकद कमी व्हायला लागली की हाडांमधून एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि उरलेल्या किडनीकडून जादा काम करवून घेतं. म्हणून पहिली काही वर्षं रक्तातला फॉस्फरस नॉर्मलच दिसतो. पण याच संप्रेरकामुळे सक्रिय 'ड' जीवनसत्त्व घटतं आणि आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. मग गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या चार लहान पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडायला लागतात. पीटीएच हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, ३० च्या खाली गेला की ही सगळी धडपडही पुरत नाही आणि फॉस्फरस चढायला लागतो.

म्हणजे कागदावर फॉस्फरस वाढलेला दिसतो तेव्हा हाडांची झीज सुरू होऊन बराच काळ झालेला असू शकतो. पुढे हाडं दुखतात, साध्या पडण्यानेही मोडतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, त्या कडक होतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. किडनीच्या जुनाट आजारात कितीतरी माणसं डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयविकाराने जातात. फॉस्फरसचा विषय म्हणूनच निव्वळ हाडांचा नाही.

पायरी १: एक वही करा

रिपोर्टची प्लास्टिकची पिशवी प्रत्येक घरात असते. डॉक्टरांसमोर ती उघडली की कागद खाली-वर होतात आणि मागच्या वेळचा आकडा सापडत नाही. दोनशे पानी वही घ्या. आडव्या रकान्यात तारीख आणि उभ्या रकान्यात ही नावं लिहा: क्रिएटिनिन, ईजीएफआर, फॉस्फरस, कॅल्शियम, अल्ब्युमिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट, पीटीएच, 'ड' जीवनसत्त्व, अल्कलाइन फॉस्फेटेज, हिमोग्लोबिन. ज्या दिवशी गोळी बदलली त्या तारखेसमोर तेही लिहा. एका आकड्यावरून फारसं काही कळत नाही. सलग तीन-चार आकडे कुठल्या दिशेने चालले आहेत ते बघायचं असतं.

सर्वसाधारण मर्यादा अशा आहेत. फॉस्फरस २.५ ते ४.५, कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५. बायकार्बोनेट २२ च्या खाली राहायला लागलं तर रक्तात आम्ल साचतंय असं समजायचं. ते आम्ल हाडंही पोखरतं, म्हणून डॉक्टर सोडाबायकार्बच्या गोळ्या देतात. 'ड' जीवनसत्त्व २० च्या खाली असेल तर कमतरता धरतात. लॅबनुसार यात थोडा फरक पडतो.

पीटीएचचं मात्र वेगळं आहे. निरोगी माणसात ते साधारण १५ ते ६५ असतं. डायलिसिसवरच्या माणसात ते त्या लॅबच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट असलं तरी चालतं, असं केडीगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या सूचना सांगतात. काकूंचा पहिला पीटीएच रिपोर्ट २८० आला तेव्हा लाल अक्षरं बघून घरात सगळ्यांचा जीव घाबरला होता. डॉक्टरांना तो ठीक वाटला. उलट पीटीएच फारच खाली दाबलं गेलं तर हाड थिजल्यासारखं होतं. ते नवं बनत नाही आणि रक्तातलं कॅल्शियम सामावूनही घेत नाही.

कॅल्शियमचा आकडा अल्ब्युमिनशिवाय वाचू नका. रक्तातलं साधारण चाळीस टक्के कॅल्शियम अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी असलं की एकूण कॅल्शियम उगाच कमी दिसतं. हिशेब असा करा: ४ मधून आपलं अल्ब्युमिन वजा करा, उत्तराला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. समजा कॅल्शियम ७.८ आणि अल्ब्युमिन २.८ आहे. फरक १.२, त्याला ०.८ ने गुणलं की ०.९६. म्हणजे खरं कॅल्शियम ८.८ च्या आसपास. हा अंदाजच आहे, पण ७.८ बघून मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली आणण्याआधी तो करावा.

तपासणी किती दिवसांनी करायची? ईजीएफआर ३० ते ५९ असेल तर फॉस्फरस आणि कॅल्शियम सहा ते बारा महिन्यांनी, १५ ते २९ असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि त्याखाली किंवा डायलिसिसवर असताना एक ते तीन महिन्यांनी. पीटीएच महाग असतं. ते १५ ते २९ च्या टप्प्यात सहा ते बारा महिन्यांनी आणि डायलिसिसवर तीन ते सहा महिन्यांनी पुरतं. नुसतं क्रिएटिनिन लिहून दिलं असेल तर "डॉक्टरसाहेब, या वेळी फॉस्फरस-कॅल्शियम पण करू का?" असं सरळ विचारा. त्यात कमीपणा नाही.

पायरी २: रक्त कुठे आणि कसं दिलं ते बघा

हा भाग कुठे फारसा सांगितला जात नाही आणि गावाकडे तोच जास्त नडतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त घेतात, ते डब्यात पडून राहतं आणि दुपारच्या गाडीने अमरावती नाहीतर नागपूरला जातं. सीरम, म्हणजे रक्तातला वरचा पातळ भाग, वेगळं न करता रक्त तासन्‌तास तसंच राहिलं की लाल पेशींमधलं पोटॅशियम आणि फॉस्फरस बाहेर झिरपतं, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही खोटेच वाढलेले दिसतात. मे महिन्यात डबा तापला तर आणखी गोंधळ होतो. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' (लाल पेशी फुटल्या) असा शेरा असेल तर पोटॅशियमच्या त्या आकड्यावर विसंबू नका, पण तो खोटाच आहे असं स्वतःच ठरवूनही मोकळं होऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात ईसीजी काढा आणि रक्त पुन्हा द्या.

सेंटरवाल्याला तीन गोष्टी विचारा. रक्त इथेच फिरवून सीरम वेगळं करता का, किती वाजता निघतं, आणि वेगळं केलेलं सीरम बर्फाच्या डब्यात जातं का. पट्टी बांधल्यावर मूठ जोरजोरात उघडझाप करू नका, त्यानेही पोटॅशियम वाढून दिसतं. डायलिसिसच्या पेशंटचं रक्त मशीन लावण्याआधी घ्यायचं. डायलिसिसनंतर फॉस्फरस काही तास खाली असतो, मग पेशींमधून रक्तात येऊन पुन्हा चढतो. तो खालचा आकडा बघून समाधान मानण्यात अर्थ नाही.

पायरी ३: चुलीपाशी फॉस्फरस

किडनीचा आजार निघाला की पहिल्याच आठवड्यात नातेवाईक वरण बंद करतात, भाकर बंद करतात, आणि पेशंट लवकीच्या पाण्यावर राहतो. महिन्याभरात दंड सुकतात, अल्ब्युमिन घसरतं, पायावर सूज येते. माझं स्पष्ट मत आहे की या उपासमारीने आपल्याकडे फॉस्फरसपेक्षा जास्त नुकसान केलं आहे. डायलिसिस सुरू नसेल तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतातच. डायलिसिसवर ती १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण मशीनमधून थोडी वाहून जातात.

फॉस्फरस कुठून आला यावर तो अंगात किती जाणार हे ठरतं. ज्वारी, तूर, हरभरा, मूग यांच्यातला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात बांधलेला असतो. आपल्या आतड्यात तो नीट सुटत नाही, त्यामुळे निम्म्याहूनही कमी शोषला जातो. दूध, अंडं, मटण, मासे यांतला साधारण ४० ते ६० टक्के शोषला जातो. पाकीटबंद पदार्थांत टिकण्यासाठी आणि मऊपणासाठी जे फॉस्फेट घालतात ते जवळपास सगळंच, ९० टक्क्यांच्या आसपास, रक्तात जातं. पोषणाच्या तक्त्यात तूर डाळीसमोर मोठा आकडा दिसला म्हणून तीच मुख्य शत्रू ठरत नाही. मापातलं वरण आणि भाकर ताटात राहू द्या, आणि बाहेरचं काय येतंय ते तपासा.

किराणा दुकानात पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. घटकांच्या यादीत आयएनएस ३३८, ३३९, ३४०, ३४१, ४५०, ४५१, ४५२ यांपैकी आकडा दिसला तर त्यात फॉस्फेट घातलेलं आहे. काळ्या रंगाच्या कोल्ड्रिंकमध्ये ३३८ म्हणजे फॉस्फरिक ॲसिड असतं. झटपट नूडल्स, प्रोसेस्ड चीज आणि बेकिंग पावडर घातलेले केक यांत बाकीचे आकडे सापडतात. इंग्रजी न वाचता येणाऱ्या आजीलाही आकडे ओळखता येतात. आमच्या घरी हे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून फडताळाच्या दारावर लावले आहेत, आणि दुकानात जाताना पोरं त्याचा फोटो काढून नेतात.

दुधाच्या १०० मिलीत साधारण ९० ते १०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. दिवसभरात दोन कप चहा, दह्याची एक वाटी आणि रात्री "ताकद यावी म्हणून" पेलाभर दूध झालं की एकट्या दुधाचेच चारशे-पाचशे मिलिग्रॅम होतात. रात्रीचा पेला बंद करा, चहातलं दूध कमी करा. खवा आणि पेढा म्हणजे आटवलेलं दूध, तेव्हा तिथे हात आखडता घ्या. अंड्यातला जवळजवळ सगळा फॉस्फरस पिवळ्या बलकात असतो. पांढऱ्यात चांगली प्रथिनं असतात आणि फॉस्फरस नावालाच. डायलिसिसवरच्या माणसाला दोन-तीन अंड्यांचं पांढरं खाऊ घालणं ही आपल्याकडची सगळ्यात स्वस्त सोय आहे. खात नसतील तर बळजबरी नको, मग डाळीचं माप आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

मटण उकडलं की त्यातलं पोटॅशियम आणि बराच फॉस्फरस रश्शात उतरतो. म्हणून बोटी चालते, रस्सा वाटीने प्यायचा नाही. "हाडं दुखतात तर पाया उकडून प्यावा" हा सल्लाही किडनीच्या पेशंटसाठी नाही. भंडारा-गोंदियाकडे बारीक मासे आणि सुके झिंगे काट्यासकट खातात. त्यात हाडाचा फॉस्फरस सबंध पोटात जातो, वर मीठ. तीळ, जवस आणि शेंगदाण्याचा कूट चवीपुरता, चमचाभर. नातेवाईक प्रेमाने प्रोटीन पावडरचे डबे आणतात. घटक वाचल्याशिवाय आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते उघडू नका.

पायरी ४: फॉस्फरसची गोळी घासासोबत

फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या म्हणजे कॅल्शियम ॲसिटेट, कॅल्शियम कार्बोनेट, सेव्हेलॅमर आणि लँथॅनम. त्या रक्तात जाऊन काम करत नाहीत. पोटात जेवणाशी गाठ पडली तरच त्या अन्नातला फॉस्फरस धरतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. रिकाम्या पोटी घेतली तर गोळी वाया. कॅल्शियमची असेल तर उलट कॅल्शियम रक्तात जातं. जेवणानंतर तासाभराने आठवलं तरी उपयोग फारसा उरत नाही.

काकू गोळी पदराच्या गाठीत बांधून पाटावर बसतात. दोन घास झाले की गाठ सोडतात, गोळी तोंडात टाकतात, पाणी पितात आणि पुढचा घास घेतात. काका पलीकडून विचारतात, "गोयी घेतली का?" लग्नाच्या पंगतीत, शेतातल्या शिदोरीवर आणि डायलिसिसला जाताना डब्यासोबतही गोळी असायला हवी. जेवण चुकलं तर ती गोळीही चुकवायची. ज्या जेवणात डाळ-मटण जास्त त्याला गोळी जास्त आणि नाश्त्याला कमी, अशी वाटणी डॉक्टर करून देतात. ती मागून घ्या.

लँथॅनम चावून बारीक करून घ्यायची, सेव्हेलॅमर न चावता गिळायची. या गोळ्या दुसऱ्या औषधांनाही धरतात. थायरॉइडची गोळी आणि यात चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिकंही सोबत नको. गोळ्यांनी पोट बांधलं तर डॉक्टरांना सांगा, कारण बद्धकोष्ठता झाली की शौचावाटे जाणारं पोटॅशियमही अडकतं.

पायरी ५: कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि चुना

"हाडं दुखतात, म्हणजे कॅल्शियम कमी" हे समीकरण किडनीच्या आजारात फसवं आहे. हाड दुखत असताना रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल किंवा जास्तही असू शकतं. फॉस्फरस चढलेला असताना वरून कॅल्शियम दिलं तर दोन्ही मिळून रक्तवाहिन्यांत आणि सांध्यांभोवती साचतात. २०१७ च्या सूचनांमध्येही कॅल्शियमवाल्या गोळ्यांचा डोस मर्यादित ठेवायला सांगितलं आहे.

६०,००० युनिटची 'ड' जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एक अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. चिठ्ठी तीच ठेवून लोक ती महिनोन्‌महिने घेत राहतात, किंवा दुकानदार रोजची समजून देतो. त्याने कॅल्शियम वर जातं: भूक मरते, मळमळतं, पोट साफ होत नाही, माणूस सुस्त पडतो. कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल ही त्याहून वेगळी, थेट काम करणारी औषधं आहेत. ती चालू असताना कॅल्शियम आणि फॉस्फरस तपासलाच पाहिजे.

आणि चुना. खर्ऱ्यात (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणात), पानात, तंबाखूसोबत जो चुना जातो तो कॅल्शियमच असतो, तोही क्षारयुक्त. वर "गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात कालवून रोज खा, हाडं लोखंडाची होतील" असे निरोप मोबाइलवर फिरतात. किडनीच्या पेशंटने ते अजिबात ऐकू नये. चुना जास्त पोटात गेल्याने रक्तातलं कॅल्शियम चढून किडनी आणखी बसल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. तंबाखूने रक्तवाहिन्या बिघडतात ते वेगळंच. डॉक्टर "व्यसन आहे का?" विचारतात तेव्हा आपण दारू समजून नाही म्हणतो. खर्ऱ्याचं नाव घेऊन सांगा, दिवसाला किती पुड्या तेही सांगा.

पायरी ६: पोटॅशियम

फॉस्फरस वर्षानुवर्षं हळूहळू इजा करतो. पोटॅशियम एका रात्रीत हृदयाचे ठोके थांबवू शकतं, आणि बऱ्याचदा आधी काही जाणवतही नाही. म्हणून इथे हयगय नको. पण रिपोर्टमध्ये पोटॅशियम नॉर्मल असेल तर फळ-भाजी बंद करण्याचं कारण नाही. सरसकट बंदीने बद्धकोष्ठता वाढते आणि जेवण बेचव होतं.

आकडा ५ च्या वर राहायला लागला की आधी रस बंद करा: संत्र्याचा, मोसंबीचा, उसाचा, आणि नारळपाणी. एका मध्यम संत्र्यात साधारण २३० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, पण पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात. संत्र्याच्या मोसमात जीव तुटतो हे मला माहीत आहे. आकडा आटोक्यात असेल तर डॉक्टरांना विचारून चार फाका खा, रस नको. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेण्याची रीत किडनीच्या पेशंटपुरती मोडा. सफरचंद, अननस, जांभूळ त्यातल्या त्यात बरे. केळी, चिकू आणि सुकामेवा आकडा उतरेपर्यंत बाजूला.

भाजीत लवकी, दोडके, काकडी, कोबी रोजच्या. बटाटा, पालक, अंबाडी, चिवळ, शेवग्याचा पाला करायचा असेल तर बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका आणि मग फोडणी द्या. नुसतं भिजवण्यापेक्षा उकळण्याने जास्त पोटॅशियम निघतं. ते पाणी वाया जातंय म्हणून वरणात ओतलं तर सगळी मेहनत फुकट जाते. आमच्याकडे हे एकदा सुनेला नीट सांगावं लागलं, कारण तिच्या माहेरी भाजीचं पाणी फेकणं पाप समजत.

'लो सोडियम' मीठ घेऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. पाकिटावर हेच आयएनएस ५०८ या आकड्याने लिहिलेलं असतं. शेंदेलोणाने किडनी सुधारते हाही गैरसमज आहे. तेही मुख्यतः तेच मीठ आहे, मापातच घ्यायचं.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या बीपीच्या आणि स्पायरोनोलॅक्टोन या सूज उतरवणाऱ्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं. म्हणून त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, त्या किडनी आणि हृदयाला जपतातही. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दोन-तीन आठवड्यांत पोटॅशियम तपासून घ्या. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर या गोळ्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून विचारा.

पायरी ७: मेडिकलच्या खिडकीपाशी

मे महिन्यात पारा ४५ वर जातो, शेतात काम करणाऱ्याला उन्हाळी लागते, आणि तो मेडिकलमधून लघवीची जळजळ थांबवणारं सिरप आणतो. यातल्या काही सिरपांत पोटॅशियम सायट्रेट असतं. मुतखड्याच्या औषधातही तेच. किडनीच्या पेशंटसाठी ही बाटली धोक्याची आहे. पित्ताच्या गुलाबी-पांढऱ्या औषधांत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं, आणि दोन्ही किडनीनेच बाहेर टाकायचे असतात. पोट साफ करण्याचा फॉस्फेट एनिमा किंवा फॉस्फेटचं सोल्युशन तर अजिबात नको, कारण त्याने फॉस्फरस एकदम उसळतो. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किडनीही बिघडवतात आणि पोटॅशियमही चढवतात. "भस्म" नावाच्या पुड्यांमध्ये कधी पारा, शिसं निघतं. त्यामुळे कोणीही दिलेली बिननावाची पुडी नको. दुकानात पहिलं वाक्य "पेशंट किडनीचा आहे" हेच असू द्या.

पायरी ८: पाणी

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, तर यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांच्या विहिरी-बोअरमध्ये फ्लोराइड सापडतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत, फार तर १.५. फ्लोराइड किडनीच बाहेर टाकते. ती दमली की ते हाडांत साचतं, आणि आधीच बिघडलेलं हाड आणखी बिघडतं. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याची तपासणी करून घ्या, फ्लोराइडचा आकडा मुद्दाम मागा. पिणं आणि स्वयंपाक दोन्ही आरओच्या किंवा नळयोजनेच्या पाण्यावर करा. वरण शिजवायला खारं पाणी वापरून प्यायला तेवढं आरओ, याने अर्धंच काम होतं. चांगलं पाणी मिळालं म्हणून किडनी पूर्ववत होत नाही, तसं सांगून मशीन विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी ९: डायलिसिसचा दिवस चुकवू नका

हिशेब मांडून बघा. साध्या जेवणातून आठवड्याला चार हजार मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस शोषला जातो. चार तासांच्या एका डायलिसिसने साधारण ६०० ते १,००० मिलिग्रॅम निघतो. आठवड्यातून तीनदा केलं तरी चोवीसशेच्या आसपास, दोनदा केलं तर सोळाशे. बाकीचा गोळीने आणि ताटानेच सांभाळायचा. पेरणी आहे, बैल बिघडला, पूर आला म्हणून एक दिवस चुकला की पोटॅशियम आणि पाणी दोन्ही साचतं. डायलिसिस नसलेले सलग सुट्टीचे दिवस संपतात तेव्हा धोका सगळ्यात जास्त असतो. त्या दिवसांत ताट आणि पाणी जास्त काटेकोर ठेवा. चार तासांऐवजी तीन तासांत सोडवून घेऊ नका.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत डायलिसिस बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जा. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मशीन आल्या आहेत, म्हणून दर वेळी नागपूरच गाठायची गरज आहे का ते आधी चौकशी करून ठरवा. एसटीच्या सवलतीत डायलिसिसचे पेशंट येतात. कोणती गाडी आणि कोणता दाखला लागतो ते आगारात विचारा.

पायरी १०: लगेच निघायचं केव्हा

पायातली ताकद एकाएकी गेली, उठता येईना, छातीत ठोका चुकल्यासारखा वाटतो, नाडी फार मंद किंवा वेडीवाकडी लागते, चक्कर येऊन पडले, तर पोटॅशियम वाढलं असं धरून निघा. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हाताची बोटं आकडून एकत्र येतात, तर कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. दम लागून आडवं होता येत नसेल तर पाणी साचलं आहे. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. कातडीवर काळसर-जांभळे, प्रचंड दुखणारे चट्टे उठले तर त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात पोचल्यावर मागचं डायलिसिस कधी झालं ते आधी सांगा, आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता ईसीजी काढायला सांगा. फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) असलेल्या हाताला सुई टोचू देऊ नका, बीपीचा पट्टाही बांधू देऊ नका. सलाईन लावायला घेतलं तर दिवसाला लघवी किती होते ते बाटली टांगण्याआधीच सांगा.